हमालानं गुळाचा रवा (ढेप) डोक्यावर घेऊन २० मीटर नेला तरी कार्य शून्य? (नववी विज्ञान, कार्य आणि शक्ती)

ऊसवाला_करवीर

नमस्कार मंडळी. पोरगी नववीला हाय, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम. कार्य आणि ऊर्जा धड्यावर सरांनी घरी सोडवायला एक गणित दिलंय आणि दोन दिवस झाले आमच्या घरात त्यावरनंच चर्चा चाललीय. गणित आपल्या मार्केट यार्डातलंच केलंय त्यांनी, ते मला आवडलं, पण उत्तर काय पटंना.

गणित असं हाय. एक हमाल जमिनीवरचा ३० किलोचा गुळाचा रवा उचलून डोक्यावर घेतो, म्हणजे दीड मीटर वर. मग सपाट जमिनीवरनं २० मीटर चालत ट्रकपर्यंत जातो. ट्रकला ४ मीटर लांबीची तिरकी फळी लावलीय, तिच्यावरनं चढून तो १.२ मीटर उंच हौद्यात जातो आणि रवा हौद्यात खाली ठेवतो. प्रत्येक टप्प्यात हमालानं रव्यावर किती कार्य केलं ते काढा. फळी चढायला ६ सेकंद लागले तर त्या वेळची शक्ती काढा. g म्हणजे गुरुत्व त्वरण ९.८ घ्या.

पोरीनं केलं ते असं, वजन ३० × ९.८ = २९४ न्यूटन. उचलताना २९४ × १.५ = ४४१ ज्यूल. चालताना २९४ × २० = ५८८० ज्यूल. फळीवर २९४ × ४ = ११७६ ज्यूल. खाली ठेवताना परत ४४१. सरांनी फक्त पहिलं बरोबर दिलं, बाकी सगळ्यावर लाल फुली. त्यांची उत्तरं ४४१, शून्य, ३५२.८ आणि शेवटचं वजा ४४१. शक्ती ५८.८ वॅट.

आता मला सांगा, आम्ही गूळ घेऊन सौद्याला जातो तेव्हा त्या हमालांचं काम डोळ्यानं बघतो. घामानं अंग निथळत असतंय. २० मीटर ओझं वाहिलं ते शून्य आणि खाली ठेवलं ते वजा, हे पोरीला कसं समजावून सांगू? सूत्र तिला पाठ हाय, बल गुणिले विस्थापन, पण कुठं काय घालायचं ते कळंना.

आणि जाताजाता अजून एक. तिनं मला विचारलं की बाबा आपल्या विहिरीवरची मोटर ५ एचपीची, मग ती मिनिटाला किती पाणी काढायला पाहिजे? ह्याचं गणित करता येतंय का? मला काय सांगता आलं नाही.

दहावी_उरकली

काका एवढं टेन्शन नका घेऊ. वर उचललं की एमजीएच (वस्तुमान × g × उंची), आडवं गेलं की शून्य, खाली आलं की वजा एमजीएच. एवढं पाठ केलं की पेपरात मार्क पडतात, आम्ही असंच केलं. फळी असू दे नाहीतर जिना, फक्त उंची बघायची.

गुरुजी_कागलकर

वरच्या दादाचं उत्तर पेपरापुरतं चालून जाईल पण मुलीला ते सांगू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण "आडवं गेलं की शून्य" हे खरं नाही. मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, ह्याच वाक्यानं पोरं पुढं दहावी-अकरावीत अडखळतात.

तोच रवा डोक्यावर न घेता पोत्यावर ठेवून जमिनीवरनं २० मीटर ओढत नेला समजा, आणि ओढायला १५० न्यूटन आडवं बल लागलं. आता कार्य किती? १५० × २० = ३००० ज्यूल. जमीन तीच, अंतर तेच, रवा तोच, आणि आडवंच गेला. मग डोक्यावर नेला तेव्हा शून्य आणि ओढत नेला तेव्हा तीन हजार कसे?

फरक बलाच्या दिशेत आहे. डोक्यावर रवा असताना हमाल त्याला कुठल्या दिशेनं बल देतो? वर. रवा खाली पडू नये म्हणून २९४ न्यूटन वर. आणि रवा सरकतोय कुठं? पुढं. वरचं बल पुढच्या सरकण्याला ना मदत करतंय ना अडवतंय. ओढताना मात्र बल पुढं आणि सरकणंही पुढं. म्हणून मी वर्गात मुलांना आकडे घालायच्या आधी वहीत दोन बाण काढायला लावायचो, एक बलाचा, एक विस्थापनाचा. बाण काढल्याशिवाय सूत्र लिहिलेलं मी तपासायचोच नाही. दोन्ही बाण एकाच दिशेला असले तर सरळ गुणाकार. काटकोनात असले तर शून्य. उलट असले तर वजा. आणि तिरके असले तर विस्थापनाचा बलाच्या दिशेतला जेवढा भाग आहे तेवढाच धरायचा, पुस्तकात जो कॉस थीटा आहे तो हेच काम करतो, दुसरं काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्नात "कोणी" आणि "कशावर" हे शब्द शोधायचे. कार्य हे नुसतं हवेत नसतं, ते अमुक बलानं तमुक वस्तूवर केलेलं असतं. एकाच रव्यावर हमालाचं बलही आहे आणि गुरुत्वाकर्षणाचंही आहे, दोघांचं कार्य वेगवेगळं निघतं. उचलताना हमालाचं अधिक ४४१, त्याच वेळी गुरुत्वाचं वजा ४४१.

आता फळी. मुलीनं २९४ गुणिले ४ केलं कारण रवा ४ मीटर गेला हे तिला दिसलं, ते साहजिक आहे. पण बल आहे सरळ वर आणि रवा जातोय तिरका. त्या ४ मीटरात तो वर किती गेला? १.२ मीटर. म्हणजे कॉस थीटा = १.२ ÷ ४ = ०.३. करून बघा, २९४ × ४ × ०.३ = ३५२.८. आणि सरळ उंचीनं केलं तरी २९४ × १.२ = ३५२.८. दोन्हीकडनं तेच येतं, आलंच पाहिजे. दोन्ही रीतींनी करून घ्या तिच्याकडनं, एका रीतीनं करून "आलं उत्तर" म्हणून वही मिटू देऊ नका.

खाली ठेवताना रवा १.५ मीटर खाली येतो पण हमाल त्याला सोडून देत नाही, हळू उतरवतो, म्हणजे बल अजून वरच आहे. बल वर, सरकणं खाली, म्हणून वजा ४४१.

आता ह्या चारही उत्तरांची बेरीज करा. ४४१ + ० + ३५२.८ − ४४१ = ३५२.८. आणि रवा शेवटी कुठं आहे? जमिनीपासून १.२ मीटर वर, हौद्यात. २९४ × १.२ = ३५२.८. मधे डोक्यावर घेतला काय, २० मीटर नेला काय, रव्याच्या स्थितिज ऊर्जेत, म्हणजे उंचीमुळं मिळालेल्या ऊर्जेत, शेवटी जी वाढ झाली ती तेवढीच. हा ताळा मुलीला करून दाखवा, माझा अनुभव असा की हा ताळा जमला त्या दिवशी पोरांच्या डोक्यातला गोंधळ निम्मा जातो. पाठांतरानं ते होत नाही.

शक्ती तर सोपीच आहे, ३५२.८ ÷ ६ = ५८.८ वॅट. फक्त ही रव्यापुरती आहे. हमाल स्वतः समजा ६० किलोचा असेल तर तो स्वतःचं अंगही १.२ मीटर वर नेतोच की. दोन्ही मिळून ९० × ९.८ × १.२ = १०५८.४ ज्यूल, आणि ६ सेकंदात १७६.४ वॅट. गणितात "रव्यावर" म्हटलंय म्हणून ५८.८ बरोबर. "हमालाची शक्ती" असं विचारलं असतं तर अंग धरावं लागलं असतं. म्हणून म्हणतो प्रश्न दोनदा वाचायचा.

ऊसवाला_करवीर

सर लय उपकार. ओढत नेलेल्या रव्याचं उदाहरण ऐकून पोरगी एकदम "हां" म्हणाली. दोन बाण काढायला लागलीय आता प्रत्येक गणिताला.

पण माझं मन अजून अडकलंय. बाण काटकोनात, शून्य, मान्य. मग तो माणूस दमतो का? शून्य कार्य करणाऱ्याला घाम का येतो? पोरगीपण हेच विचारतीय आणि मला वाटतंय हा प्रश्न टाळून पुढं गेलो तर तिला विज्ञान म्हणजे पुस्तकातलं वेगळं आणि रस्त्यावरचं वेगळं असंच वाटत राहणार.

तालीमवाला

भावा ह्याचं उत्तर आमच्या तालमीत रोज मिळतंय. ८० किलोचा पैलवान बैठका मारतोय धर. खालनं वर येताना अंग साधारण अर्धा मीटर उचललं, ८० × ९.८ × ०.५ = ३९२ ज्यूल. (पोटऱ्या, पावलं काय तेवढी वर जात नाहीत, म्हणून थोडं कमी धरा पण हिशोबाला चालतंय.) खाली बसताना वजा ३९२. म्हणजे शेकडो बैठका मारल्या तरी बेरीज शून्यच. पण वस्तादांसमोर मारून बघ, मांड्या कशा पेटतात ते. म्हणजे शरीर जे खर्च करतंय ते आणि पुस्तकातलं कार्य हे दोन वेगळे हिशोब हायत. नेमकं आत काय होतंय ते शिकलेल्यांनी सांगावं.

भौतिक_एमएस्सी

तालीमवाल्या दादांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, दोन वेगळे हिशोब आहेत.

टेबलावर रवा ठेवला तर टेबल त्याला २९४ न्यूटन वर बल देतं आणि दिवसभर देतं, टेबलाला काही खायला लागत नाही. आपला स्नायू तसा नाही. स्नायू ताणून धरायचा म्हटलं की आतले बारीक तंतू सारखे पकडतात, सोडतात, परत पकडतात, आणि प्रत्येक पकडीला शरीरातलं इंधन जळतं. बाहेरनं माणूस स्तब्ध उभा दिसतो पण आत हे अखंड चालू असतं. ती सगळी ऊर्जा रव्याला मिळत नाही, ती उष्णता होऊन अंगातनं बाहेर पडते. घाम येतो तो ह्या उष्णतेमुळं. म्हणजे हमाल ऊर्जा खर्च करतो हे शंभर टक्के खरं, आणि ती रव्याला मिळत नाही हेही तितकंच खरं. गणितात विचारलंय ते रव्याला किती मिळाली एवढंच. कष्ट शून्य असं पुस्तक कुठंही म्हणत नाही, आणि पोरीला हे स्पष्ट सांगा.

बाकी "शून्य" ह्यातही थोडं बारकाईनं बघायला पाहिजे. उभा असलेला हमाल चालायला लागतो तेव्हा रव्याला वेग देतो. वेग सेकंदाला १ मीटर धरला तर गतिज ऊर्जा अर्धा × ३० × १ × १ = १५ ज्यूल. तेवढं कार्य सुरुवातीला झालं. ट्रकजवळ थांबताना तोच वेग काढून घेतो, वजा १५. प्रत्येक पावलाला डोकं थोडं वरखाली होतं त्याचंही तसंच, थोडं अधिक, थोडं वजा. म्हणून २० मीटरची बेरीज शून्य. शाळेच्या गणितात "एकसमान वेगानं चालतो" असं लिहिलेलं असतं किंवा धरलेलं असतं ते ह्यासाठी.

अजून एक हिशोब देतो, मला स्वतःला हा फार आवडतो. १० ग्रॅम गुळात साधारण ३८ किलोकॅलरी असतात. १ किलोकॅलरी म्हणजे ४१८४ ज्यूल, म्हणजे त्या एवढ्याशा खड्यात जवळजवळ १ लाख ५९ हजार ज्यूल. आपले स्नायू त्यातला फार तर पाव हिस्सा बाहेरच्या कार्यात बदलू शकतात, बाकीची उष्णता. पाव हिस्सा म्हणजे साधारण ४० हजार ज्यूल. गुरुजींनी काढलेले अंगासकट फळी चढायचे १०५८ ज्यूल धरले तर एका खड्यात ३५-३७ वेळा फळी चढण्याइतकी ऊर्जा आहे. चालणं, उभं राहणं, धरून ठेवणं ह्याचा खर्च वेगळा. उष्णता आणि कार्य ही एकाच ऊर्जेची रूपं आहेत हे जेम्स ज्यूलनं (१८१८–१८८९) पाण्यात वल्ही फिरवून दाखवलं, वजन खाली उतरत जाईल तशी वल्ही फिरायची आणि पाणी किंचित गरम व्हायचं. त्याचंच नाव आपण एककाला देतो.

उद्यमनगर_लेथ

मोटरचं कुणीच काय बोललं नाही म्हणून लिहितो. आमचं कामच पंपाचं आणि इंजिनाच्या सुट्या भागांचं.

एचपी म्हणजे अश्वशक्ती, ७४६ वॅट. जेम्स वॅटला (१७३६–१८१९) आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतंय ते गिऱ्हाइकाला सांगायचं होतं, त्यानं एका घोड्याला मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असं धरलं, ते आजच्या मापात साधारण ७४६ वॅट होतंय. तर ५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॅट. सेकंदाला ३७३० ज्यूल.

आता विहिरीतलं पाणी किती वर न्यायचं ते सांगा, आम्ही त्याला हेड म्हणतो. नुसती विहिरीची खोली नव्हे. विहिरीत पाणी जिथं हाय तिथनं ते पाइपचं तोंड जिथं सुटतंय तिथपर्यंतची उभी उंची. समजा ती २० मीटर. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १ लिटर वर न्यायला १ × ९.८ × २० = १९६ ज्यूल. सेकंदाला ३७३० ज्यूल हायत, तर ३७३० ÷ १९६ = १९ लिटर सेकंदाला. मिनिटाला ११४० लिटर.

पण थांबा, एवढं पाणी कुठल्याच शेतात येत नाही. हे झालं सगळी शक्ती पाण्यालाच मिळाली तर. पंपाच्या आत पाणी घुसळतंय, पाइपात घासतंय, बेंडला वळतंय, फुटव्हॉल्व्हला (पाइपच्या पाण्यातल्या टोकाचा व्हॉल्व्ह) अडतंय, सगळीकडं थोडी थोडी जाते. म्हणून खरं किती ते मोजूनच बघायचं. २०० लिटरचं बॅरल घ्या, डिलिव्हरीच्या तोंडाखाली ठेवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. पोरीला करू द्या. आणि उंची फुटात सांगितली तरी चालेल, मी मीटर करतो.

ऊसवाला_करवीर

केलं दादा. पोरगीनं वेळ लावली आणि मी बॅरल धरलं. २०० लिटर भरायला २५ सेकंद. दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंत सोडलं तर ५० फूट, आणि वरच्या पट्टीत पाइप सुटतोय ती जागा विहिरीच्या काठापासून अजून १५ फूट उंच. एकूण ६५ फूट.

तिनं स्वतः काढलं ते असं. २०० ÷ २५ = सेकंदाला ८ लिटर. ६५ फूट म्हणजे साधारण २० मीटर. ८ × ९.८ × २० = १५६८ वॅट. आणि विचारतीय की ३७३० मधले बाकीचे २१६२ वॅट गेले कुठं, मोटर खराब हाय का?

उद्यमनगर_लेथ

शाब्बास, एकदम बरोबर काढलंय. १५६८ ÷ ३७३० म्हणजे ४२ टक्के. आपल्याकडं शेतातल्या जुन्या पंपाला असा आकडा आला तर मला आश्चर्य वाटणार नाही, मोटर खराब हाय असं लगेच म्हणू नका. पाण्याला वेग देण्यात गेली असेल असं कुणाला वाटेल तर तेही बघून घेऊ, अडीच इंची पाइपातनं ८ लिटर म्हणजे पाणी सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास सुटतंय, त्याची गतिज ऊर्जा लिटरमागं ३ ज्यूलच्या थोडी वर. १९६ पुढं ते काहीच नाही. जास्त करून जातंय ते पंपाच्या आत आणि पाइपाच्या घासण्यात, म्हणजे शेवटी उष्णतेत. फुटव्हॉल्व्हची जाळी साफ हाय का बघा, बेंड किती हायत मोजा, आणि पंपाच्या आतल्या पंख्याची झीज बघून घ्या.

दुसरं एक पोरीला सांगा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतंय. मोटरच्या पाटीवर ५ एचपी लिहिलंय ते मोटर शाफ्टला देते ती शक्ती. तारेतनं ती जास्त घेते, कारण मोटर स्वतःच थोडी गरम होऊन खाते. मोटर ८० टक्के धरली तर तारेतनं ३७३० ÷ ०.८ = ४६६० वॅटच्या आसपास. म्हणजे तासाला ४.६६ युनिट.

युनिट म्हणजे किलोवॅट-तास. किलोवॅट *गुणिले* तास. लोक किलोवॅट प्रति तास म्हणतात ते साफ चूक, पेपरात असं लिहिलं की मार्क जातात. १ युनिट = १००० वॅट × ३६०० सेकंद = ३६ लाख ज्यूल. आता गंमत बघा, १ युनिटमध्ये २० मीटर उंचीवर पाणी जास्तीत जास्त किती जाऊ शकतंय? ३६,००,००० ÷ १९६ = १८ हजार ३०० लिटरच्या थोडं वर. आणि तुमच्या विहिरीवर तासाला ८ × ३६०० = २८,८०० लिटर येतंय ४.६६ युनिटात, म्हणजे युनिटमागं ६१८० लिटर. साधारण तिसरा हिस्सा. हे ताळ्याला लावून बघा, ०.४२ × ०.८ = ०.३३६. जुळतंय.

ट्रॅक्टर_भोगावती

उसाच्या ट्रॉलीचंपण सांगू द्या, पोरीला कामाला येईल. शक्ती म्हणजे कार्य भागिले वेळ. पण कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, आणि अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. म्हणून शक्ती = बल × वेग. भरलेल्या ट्रॉलीला सपाट रस्त्यावर ६००० न्यूटन ओढ लागतीय आणि वेग ताशी ९ किमी धरा. आधी ताशी किमीचं सेकंदाला मीटर करायचं, ९ × १००० ÷ ३६०० = २.५. मग ६००० × २.५ = १५,००० वॅट, म्हणजे २० एचपी. आता चढ आला आणि ओढ १२,००० न्यूटन झाली, इंजिन मात्र तेवढंच १५,००० देतंय, तर वेग १५,००० ÷ १२,००० = १.२५, ताशी साडेचार किमी. म्हणून चढाला गियर उतरवायचा. ओढ वाढवायची तर वेग सोडायलाच लागतोय. पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला हे हाताला कळतंय पण गणितात दिसलं की पक्कं होतंय.

दहावी_उरकली

गुरुजी एक विचारू का, फळीवरनं डोक्यावर न नेता रवा ढकलत वर नेला तर? बल कमी लागतं ना, मग कार्यपण कमी होणार की नाही? आमच्या सरांनी फळीचा फायदा असतो म्हणून सांगितलं होतं.

गुरुजी_कागलकर

चांगलं विचारलंस. घासण सोडून दे क्षणभर. फळीवर ढकलताना फळी स्वतः वजनाचा बराच भाग तोलते, तुला फळीच्या दिशेनं २९४ × ०.३ = ८८.२ न्यूटनच द्यायचे आहेत. पण ते ४ मीटरभर द्यायचे. ८८.२ × ४ = ३५२.८. बल निम्म्याहूनही कमी झालं, कार्य तिळभर कमी झालं नाही. फायदा आहे तो बलात, अंतर वाढवून घेतलेला. आणि प्रत्यक्षात फळी घासणारच, त्यामुळं ढकलणाऱ्याचं कार्य थोडं जास्तच होणार, कमी नाही.

ऊसवाले दादा, मुलीला अजून एक प्रयोग द्या, शाळेचा जिना. पट्टीनं एका पायरीची उंची मोजायची, पायऱ्या मोजायच्या, गुणाकार. ६ मीटर आली आणि तिचं वजन ४५ किलो असेल तर कार्य ४५ × ९.८ × ६ = २६४६ ज्यूल. सावकाश १८ सेकंदात चढली तर १४७ वॅट, पळत ९ सेकंदात चढली तर २९४ वॅट. कार्य दोन्हीला तेच. कार्य आणि शक्ती ह्यातला फरक माझ्या वर्गात ह्याच्याइतका दुसऱ्या कशानं समजला नाही. पळताना कठड्याला धरून, आणि मधल्या सुट्टीत गर्दी नसताना.

वहीत मिनिटं आली की आधी सेकंद करायची, ग्रॅम आले की किलो, सेंटिमीटर आले की मीटर. ३० किलो हे वस्तुमान आणि २९४ न्यूटन हे वजन, बलाच्या जागी किलो घालायचा नाही. मी तपासलेल्या पेपरात भौतिकशास्त्र कळलेल्या पोरांचेही मार्क इथंच गेलेले बघितलेत आणि फार वाईट वाटतं.

ऊसवाला_करवीर

सगळ्यांचे मनापासून आभार. जिन्याचं उद्या शाळेत मैत्रिणींबरोबर करणार म्हणतीय. आणि लेथवाल्या दादांना एक शंका, उन्हाळ्यात त्याच मोटरला पाणी कमी येतंय असं आम्हाला दरवर्षी वाटतंय. ते ह्या हिशोबानं खरं हाय का आमचा भास?

उद्यमनगर_लेथ

खरं हाय, भास नाही. उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी खाली जातंय म्हणजे हेड वाढलं. ५० फुटाच्या जागी ७० फूट झालं तर एकूण ८५ फूट, म्हणजे साधारण २६ मीटर. आता लिटरला १९६ नव्हे, २५५ ज्यूल लागणार. पाण्याला मिळणारी शक्ती तेवढीच १५६८ वॅट राहिली असं धरलं तर १५६८ ÷ २५५ = सेकंदाला ६ लिटरच्या थोडं वर. बॅरल २५ ऐवजी ३२-३३ सेकंदात भरणार. प्रत्यक्षात पंप ज्या हेडसाठी बनवलाय त्याच्यापासून लांब गेला की त्याची स्वतःची टक्केवारीपण बदलते, म्हणून मोजूनच बघा. आणि एक ध्यानात ठेवा, दोरी सोडून पाणी मोजलं ते मोटर बंद असताना की चालू असताना? मोटर चालू झाली की विहिरीतलं पाणी खाली उतरतंय, काही विहिरीत तासाभरात बरंच. म्हणून तासभर मोटर चालू द्या, मग दोरी सोडा आणि लगेच बॅरल लावा. दोन्ही आकडे एकाच वेळचे पाहिजेत. पोरीनं ते नवीन आकडे घालून परत टक्केवारी काढली की इथं टाका, बघून सांगतो.